सायटिका : दुर्मिळ कारणांची उपेक्षा नको

कंबरेतून निघून मांडीच्या मागील बाजूने पोटरीपर्यंत, कधी पावलापर्यंत उतरणारी कळ आपल्याकडे घरोघरी परिचित आहे. आयुर्वेदाने तिला गृध्रसी म्हटले. व्यवहारात आपण सायटिका म्हणतो. वर्गात तासन्‌तास उभा राहणारा शिक्षक आणि खुर्चीला खिळलेला कारकून, दोघांनाही ती गाठते. परंतु सायटिका हे रोगाचे नव्हे, लक्षणाचे नाव आहे. 'ताप' म्हटल्याने जसे तापाचे कारण कळत नाही, तसेच हे होय.

बहुसंख्य रुग्णांत दोन मणक्यांमधील चकती सरकून नसेचे मूळ दाबले जाते, आणि त्यांपैकी बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत वा महिन्यांत शस्त्रक्रियेवाचून ओसरतो. म्हणून प्रारंभी धीर धरण्याचा सल्ला योग्यच आहे. प्रश्न उरतो तो उरलेल्या थोड्यांचा. नसेच्या आवरणातील पेशींपासून श्वानोमा नावाची गाठ निघते. ती बहुधा कर्करोगाची नसते व वर्षानुवर्षे हळूहळू वाढते; तथापि मणक्यांमधील जागा मुळातच अरुंद असल्याने निरुपद्रवी गाठही तेथे उपद्रवी ठरते. चकतीचे दुखणे आडवे पडल्यावर बहुधा कमी होते. गाठीचे दुखणे पुष्कळदा रात्री बळावते. गाठ वेळीच काढल्यास रुग्ण बहुधा बरा होतो. फार उशीर झाल्यास पायातील गेलेली शक्ती परत येईलच असे नाही. याखेरीज मणक्यांचा क्षय, अन्यत्रचा कर्करोग मणक्यात उतरणे, कुल्ल्यातील स्नायूचा दाब, तेथेच चुकीच्या जागी टोचलेले इंजेक्शन, स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचे ऊतक नसेपाशी रुजणे, अशी कारणे आहेतच. त्यांतील काही कटिभागात असल्याने केवळ कंबरेच्या एम.आर.आय.मध्ये दिसतही नाहीत.

या विषयाचा इतिहास उद्बोधक आहे. 1934 साली मिक्स्टर व बार या अमेरिकन शल्यविशारदांनी दाखवून दिले की, मणक्यांतून काढलेले जे तुकडे कूर्चेच्या गाठी समजले जात, ते पुष्कळदा फाटलेल्या चकतीचेच होते. पूर्वी चकतीला गाठ समजत. आज क्वचित गाठीला चकती समजतात. रूढ निदानाची पकड मात्र तेव्हाही होती आणि आजही आहे.

मग प्रत्येकाचा एम.आर.आय. काढावा काय? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा उपाय मान्य नाही, आणि तो केवळ खर्चामुळे नव्हे. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पाठदुखी नसलेल्या 98 व्यक्तींची अशी तपासणी केली, तेव्हा 52 टक्के लोकांत निदान एक चकती फुगलेली आढळली. अर्थात चित्रात चकती दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही. सरसकट तपासणीने खऱ्या माहितीबरोबर भ्रामक माहितीही वाढते आणि अनावश्यक शस्त्रक्रियांना निमित्त मिळते.

येथे दुर्मिळ वस्तू यंत्र नसून वैद्यकाचा वेळ आहे. सहा आठवड्यांत उतार न पडल्यास तीच औषधे पुन्हा लिहून न देता रुग्णाला नव्याने तपासावे, हा साधा नियम हवा. रात्रीचे वाढते दुखणे, पायाची वाढती दुर्बलता, ताप, वजनातील घट, पूर्वीचा कर्करोग, यांपैकी काही असल्यास सहा आठवडेही थांबू नये. लघवी वा शौचावरील ताबा सुटणे किंवा बैठकीचा भाग बधिर होणे ही तर तातडीची अवस्था होय. त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

परंतु नीट ऐकून घेऊन केलेल्या तपासणीला आपल्या व्यवस्थेत मोल नाही. आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांचा खर्च उचलतो. सावकाश केलेल्या बाह्यरुग्ण तपासणीसाठी तो क्वचितच काही देतो. सरकारी दवाखान्यांतील रांगा तर एकेका रुग्णाला मोजकी मिनिटेच देतात. भरीस भर म्हणून, वारंवार रजा मागणाऱ्याकडे कार्यालय संशयाने पाहते, आणि तो मुकाट्याने वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढतो. दुर्मिळ रोग आकडेवारीत नगण्य असतो. ज्याला तो होतो त्याच्या बाबतीत मात्र तो शंभर टक्के असतो. बहुसंख्यांसाठी आखलेल्या नियमात अपवादाला वाट ठेवणे ही दया नव्हे, ती सुव्यवस्थेची किमान अट आहे.