उघडा नागरिक, झाकलेले सरकार

‘आमच्यापाशी लपवाले हाय काय?’ असे आमच्या वऱ्हाडातला कास्तकार हसून म्हणतो, आणि शहाणी मंडळी त्याचा अर्थ लावतात की गरिबाला खाजगीपण नकोच आहे. हा अर्थ मला साफ नामंजूर आहे. ज्याच्या सात-बारावर बोजा आहे, ज्याच्या मुलीची सोयरीक जुळायची आहे, ज्याचे खाते एका अंगठ्याच्या ठशावर रिते होऊ शकते, त्याच्यापाशी झाकण्याजोगे पुष्कळ असते. श्रीमंताची अब्रू वकील राखतो. गरिबाची त्याची त्यालाच राखावी लागते.

राज्याचा सेवा-हक्क कायदा २०१५ सालचा. ‘आपले सरकार’ हे त्याचे ऑनलाइन दार. या दाराने कचेरीचे हेलपाटे वाचवले, हे मी नाकारीत नाही. पण अमरावती-अकोल्याकडच्या खेड्यांतले कितीजण त्या दारातून स्वतः आत जातात? अनेकजण आधार, पासबुक, दाखले केंद्रचालकाच्या हाती देतात, आलेला ओटीपी चारचौघांत मोठ्याने सांगतात, आणि झेरॉक्स कुठे राहिल्या हे न विचारता एस.टी. गाठतात. याला विश्वास म्हणायचे की नाइलाज?

आता ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याचे वर्तन पाहा. केंद्र-राज्यांच्या खात्यांची आणि शिक्षणसंस्थांची मिळून सुमारे २१० संकेतस्थळे लाभार्थ्यांची नावे, पत्ते, आधार-क्रमांक उघड मांडून बसली होती, असे २०१७ साली खुद्द सरकारने लोकसभेत सांगितले. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने बजावले की, आधारच्या झेरॉक्स कोणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दाखवणारी प्रत द्या. दोन दिवसांत ते पत्रक मागे! मग खेडुताने कोणता शब्द खरा मानायचा?

व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा झाला. त्यातही केंद्राने आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा राखून ठेवली, आणि ‘खाजगी माहिती’ म्हणून माहिती-अधिकाराचा अर्ज फेटाळण्याची वाट त्याच कायद्याने रुंद केली. म्हणजे खाजगीपणाचे पांघरूण सरकारला, आणि उघडे पडणे नागरिकाला!

माझे मागणे मोठे नाही. प्रत्येक केंद्रात कोणता कागद घेतला, कशासाठी, किती दिवसांसाठी, याची मराठीत पावती मिळावी. आणि चार आकड्यांच्या आधारावर भागत असेल तिथे बारा आकडे मागू नयेत. शेतमाल विकला तर आम्ही काटापट्टी मागतो. मग स्वतःची माहिती देताना पावती का मागू नये?