धुळ्याच्या तुरुंगांतील अठरा रविवार

बंदिवानाचा योगक्षेम सरकार वाहतें. दिवस मात्र ज्याचा त्यालाच वाहावा लागतो. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं या काळाला कसें वळण लाविलें, तें वाचकांनीं पाहावें. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत रविवार अठरा, आणि गीतेचे अध्यायही अठराच! दर रविवारीं एका अध्यायावर प्रवचन; श्रोते सोबतचे कैदी, आणि लिहून घेणारे साने गुरुजी. ऐन खानदेशी उन्हाळा. जे दिवस सुटकेसाठीं मोजावयाचे, ते पुढच्या अध्यायासाठीं मोजले जाऊं लागले असतील, असें आमच्या मनांत येतें. शिक्षेचें व्रत झालें तें असें.

तुरुंगानें मनुष्य शुद्ध होतो, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. गेले तसेच परतणारे पुष्कळ. आम्हांस पेन्शन मिळालें, शाळेची घंटा सुटली, आणि दिवस जातां जाईना. आमच्या दाराला तर कुलूपही नव्हतें! यंदा आषाढीपासून शेजारच्या चार मुलांना घेऊन दर रविवारीं एकेक अध्याय लावूं लागलों. तिसऱ्याला दोघेच उरले. येत्या रविवारीं चौथा आहे.