व्हॉलीबॉल घेऊ, पण पाड्याच्या मीटिंगला विचारून

पावसाच्या तोंडावर आपल्या पाड्यांवर साहेबांची जीप फिरू लागली आहे. पोरांना गोळा करतात आणि सांगतात, युवक मंडळ काढा, रजिस्टर करा, सरकार मदत देईल. व्हॉलीबॉल, नेट, कॅरम, जमलं तर पुढे एक खोली. पोरं खूश. होणारच. अर्धं वर्ष वीटभट्टीवर काढणाऱ्या पोराला तुला काय पाहिजे, असं आजवर विचारलं कोणी?

हे पैसे नवे नाहीत. १९७२ मध्ये नेहरू युवक केंद्रं सुरू झाली. १९७९ मध्ये ट्रायसेम सुरू झाली, १८ ते ३५ वयाच्या गरीब पोरापोरींना धंदा शिकवायला. पण आपल्यापैकी किती पाड्यांना हे माहीत होतं? १९८९ मध्ये मात्र घाई दिसली. त्या मार्चमध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं आणि लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. तरी आम्ही म्हणतो, पैसा घ्या. तो कुणाच्या घरचा नाही, जनतेचा आहे. पोरांनी खेळावं, तारपा वाजवावा, नाचावं. यात वाईट काय?

काळजी दुसरीच आहे. एका पाड्यावर पोरांना तोंडी सांगितलं गेलं, "मंडळ पाहिजे तर मोर्च्यात दिसू नका." पोरं गप्प झाली. पुढच्या मीटिंगला त्यातली दोनच आली.

मंडळ रजिस्टर करायला १८६० च्या कायद्याने किमान सात जणांच्या सह्या लागतात. आपल्या पाड्यात सही करणारी, कागद वाचणारी पोरं असतात किती? तीच सात-आठ. तलाठ्याची नोटीस तीच वाचतात, गार्डाने पंचनाम्यात काय लिहिलं ते तीच सांगतात. ती आपल्यातून उठून गेली, तर म्हाताऱ्यांनी पुन्हा न वाचताच अंगठे द्यायचे काय?

आणि जमिनीचं काय? १९७८ पूर्वीपासून कसत असलेले प्लॉट कायम करू, असं राज्य सरकारने ठरवलं होतं. मग १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि प्रकरण दिल्लीच्या परवानगीवर जाऊन बसलं. तेव्हा बापाच्या मागे नांगराजवळ चालणारा आठ-नऊ वर्षांचा पोरगा १९८९ मध्ये मतदार झाला. प्लॉटवर तोवर त्याच्या बापाचंही नाव नव्हतं. ट्रायसेममध्ये शिकून तो कर्ज मागायला गेला, की बँकेचा साहेब जमिनीचा कागद विचारायचा. कॅरम खेळून हा कागद मिळत नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं:

१. मंडळाचा अर्ज आधी पाड्याच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवावा. म्हातारी माणसं, बाया, सगळ्यांसमोर.

२. सात सह्यांत पोरींच्याही सह्या असाव्यात. बँकेच्या खात्यावर एकट्याची सही नको.

३. आलेला आणि खर्च झालेला पैसा दर महिन्याला मोठ्याने वाचावा. जीपवाल्या साहेबालाही त्या मीटिंगला बोलवावं.

४. मोर्च्याला जाऊ नका असं कोणी म्हणालं, तर एवढंच म्हणा, "साहेब, लिहून द्या." अशी अट कुठल्याही सरकारी कागदावर नसते. म्हणूनच ती तोंडी सांगतात.

५. खोली मिळाली तर तिच्यात कॅरमशेजारी एक पेटी ठेवा. प्रत्येक घराच्या प्लॉटचे कागद, दंडाच्या पावत्या, जुने अर्ज यांच्या नकला तिच्यात. संध्याकाळी पोरांनी ते वाचायला शिकावं आणि आईबापांनाही शिकवावं. रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणीही तिथेच भरावी. पंधरा दिवसांत काम नाही, तर बेकारी भत्ता, हा कायदा आहे.

पोरांनो, तुमच्यावर आमचा राग नाही. तुम्हाला अक्षर यावं म्हणून घरच्यांनी अर्धपोटी दिवस काढले. ते अक्षर पाड्याच्या कामाला येऊ द्या. मग व्हॉलीबॉल बघायला आम्हीही येऊ.

तुमच्या पाड्याने काय ठरवलं ते कळवा, पुढच्या अंकात छापू. लिहिता येत नसेल तर मीटिंगला येऊन सांगा, आम्ही लिहून घेऊ.