नाचाची तबकडी घरी न्यावी का?

तुमच्या वर्गातली एखादी मुलगी दर रविवारी एस.टी.ने तालुक्याच्या गावी कथक शिकायला जात असेल. तास एकच. त्यात नवा तुकडा शिकायचा, मागचा म्हणून दाखवायचा आणि परतीची गाडी गाठायची. सोमवारी संध्याकाळी घुंगरू बांधून ती उभी राहते, तेव्हा बोल वहीत लिहिलेले असतात. पण दुसऱ्या ओळीला हात कुठून कुठे न्यायचा होता, हे काही केल्या आठवत नाही. पुढचा तास सहा दिवसांनी!

जर्मन शास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच केलेले विस्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ करून त्या किती काळ टिकतात, हे त्यांनी मोजले. एका दिवसात पाठांतराचे जवळजवळ दोन तृतीयांश श्रम वाया गेलेले दिसले. नृत्य म्हणजे काही अर्थहीन अक्षरे नव्हेत आणि अंगात मुरलेली हालचाल सहजासहजी जातही नाही. पण ती मुरण्यापूर्वीचे चार-सहा दिवसच नेमके धोक्याचे असतात.

अशा मुलीला धड्याची तबकडी घरी न्यायला द्यावी काय? पुष्कळ नृत्यशिक्षक नको म्हणतात. ही गुरुमुखी विद्या आहे, तबकडी मिळाली की मुले वर्गाला येईनाशी होतील, असे त्यांना वाटते. माझे मत असे की तबकडी अवश्य द्यावी. मात्र आज जी दिली जाते, ती बहुधा चुकीची असते. कशी, ते पाहू.

डी.व्ही.डी.च्या १२ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर ४.७ अब्ज बाइट माहिती मावते. उत्तम प्रतीचे चित्रमुद्रण केले, तर ते साधारण एका तासाला पुरते, म्हणजे आपला एक धडा. तबकडी फिरू लागली की लाल लेसर किरण ही माहिती वाचतो आणि पडद्यावर दर सेकंदाला २५ स्थिरचित्रे उमटतात. आता थोडे गणित करू. लय मिनिटाला १२० मात्रांची आहे, म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. तत्काराची चौगुन धरली की एका मात्रेत चार पदाघात पडतात, सेकंदाला आठ. प्रत्येक आघाताच्या वाट्याला येतात जेमतेम तीन चित्रे! पाय उचलला कसा आणि टाच टेकली की पूर्ण तळवा, हे तीन चित्रांत कसे समजावे? तबकडी संथ चालवून पाहिली, तरी तीच तीन चित्रे अधिक वेळ दिसतात, चौथे काही येत नाही. चकरांची गत याहून वाईट. ७० सेंटिमीटर लांब पसरलेला हात सेकंदाला एक फेरी घेत असेल, तर बोटांचे टोक सेकंदाला ४.४ मीटर जाते. कॅमेऱ्याचे झाकण १/५० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात बोटे सुमारे ९ सेंटिमीटर सरकतात. हस्तकाच्या जागी नुसता फराटा दिसतो.

आवाजाचे मात्र निराळे आहे. याच तबकडीवर ध्वनीचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतलेले असतात. चौगुनीतल्या प्रत्येक आघाताला सहा हजार! घुंगरांचा एखादा आघात मागे पडला किंवा समेवर यायला किंचित उशीर झाला, तर डोळ्याला न दिसलेली ती चूक कानाला लगेच कळते. म्हणून तबकडी मिळाली तर आधी पडद्याकडे पाठ करून नुसती ऐका, हाताने ताल द्या, पढंत म्हणा. नाच डोळ्यांनी शिकायचा असतो, ही समजूत निदान तत्कारापुरती तरी अपुरी आहे.

दुसरी अडचण उजव्या-डाव्याची. ओळखीतल्या एका मुलीने उन्हाळ्याच्या सुट्टीत तबकडीवरून तत्कार पक्का केला. सुट्टीनंतर ताईंसमोर उभी राहिली ती डाव्या पायाने सुरू झाली. ‘अगं, डावा का?’ ताईंनी विचारले. ‘ताई, तुम्ही तसाच तर करता त्यात!’ ताई कॅमेऱ्याकडे तोंड करून उजवा पाय टाकत होत्या. तो पडद्यावर मुलीच्या डाव्या बाजूला दिसला आणि तिने आरशासारखी नक्कल केली. महिनाभर घोटलेले उलटे काढायला पुढे किती वेळ लागला असेल, कल्पना करा. वर्गात ही चूक पहिल्याच आवर्तनात सापडली असती. उपाय सोपा आहे. पदन्यास शिकवताना कॅमेरा शिक्षकाच्या पाठीमागे ठेवावा, आणि अभिनय व मुद्रा तेवढ्या समोरून घ्याव्यात.

पण पाठीमागून घेतलेली तबकडीसुद्धा तुमच्याकडे पाहत नाही. तुमचा खांदा उचलला गेला, गुडघा वाकला, तरी तिच्यातल्या ताई हसत पुढच्या बोलाकडे जातात. शास्त्रात ज्याला प्रत्याभरण म्हणतात, म्हणजे केलेल्या कृतीचा परिणाम कर्त्याकडे परत येणे, ते येथे नाही. म्हणून माझे म्हणणे असे की तबकडीवर ताईंचा नाच दहा मिनिटे पुरे. उरलेला वेळ विद्यार्थिनीचाच नाच असावा, ताईंच्या टोकण्यासकट. ‘मान सरळ’, ‘दुसरी तिहाई घाईत गेली’ हे शब्द जसेच्या तसे राहू द्यावेत. घरच्या आरशात पाहून ही उणीव भरत नाही, कारण आरशात पाहताना मान आरशाकडेच वळते! स्वतःला पाहायला पहिल्यांदा फार लाज वाटते, हे खरे. ती दोन-तीन वेळांत जाते.

अशी तबकडी घेऊन मुले वर्ग सोडतील, हे मला पटत नाही. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले, जेमतेम तीन मिनिटांचे. तेव्हापासून गाणे शिकणारी मुले तबकड्या ऐकत आली आहेत, आणि तरी गुरूपुढे तानपुरा घेऊन बसतच आली आहेत. ज्या तबकडीत आपल्याच चुका दिसतात, ती पाहून तर ताईंकडे जाण्याची निकड वाढेल. मुलांचे चित्रण असल्याने पालकांची परवानगी घ्यावी आणि प्रत त्या मुलीलाच द्यावी, साऱ्या वर्गाला नको.

आता कोणी म्हणेल, तबकडीचे दिवस गेले, हे सारे मोबाइलवर होते. खुशाल करा. मोबाइलचा कॅमेरा बहुधा सेकंदाला ३० चित्रे घेतो, काही ६० किंवा १२०ही घेतात, तेव्हा चौगुनीत पाय थोडा बरा दिसेल. पण ज्या ताईंच्या कपाटात २००५-१० च्या सुमाराच्या तबकड्यांची चळत पडून आहे, त्यांना एक विनंती. घरी लिहिलेल्या तबकडीत माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर बिघडतो. नव्या संगणकांना बहुधा तबकडीचा खणही नसतो. या दिवाळीच्या सुट्टीत वर्गातल्या दोन मोठ्या मुलींना बसवून त्या सगळ्या उतरवून घ्या.