निर्वंश कोणास म्हणावें?

लोणंदच्या आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त छापून हातीं आला, तेव्हां आम्हीं तो मोठ्या उत्सुकतेनें उघडला. बांधणी सुबक, कागद उत्तम, वंशवृक्ष तर तीन घड्यांचा! परंतु आमच्या पणजोबांच्या थोरल्या बंधूंच्या नांवापुढें एकच शब्द होता : निर्वंश. हा शब्द खोटा आहे आणि तो खोटा असल्याचें संपादकांस छापण्यापूर्वीं ठाऊक होतें, असें आम्ही जबाबदारीनें म्हणतों. कारण पुरावा आम्हींच त्यांस धाडला होता.

हे गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोणंद स्टेशनावर गाडींत बसले ते परत आले नाहींत. ते ख्रिस्ती झाले. घरीं त्यांचें नांव निघत नसे. लहानपणीं आम्हीं विचारलें, कीं "ते वारले" एवढेंच उत्तर मिळे. पालखीच्या मुक्कामीं दारीं आलेल्या अनोळखी वारकऱ्यास जात न विचारतां पाणी देणारें हें घर. पण पोटच्या पोराविषयीं त्याची दांतखीळ बसली होती.

दोन वर्षांपूर्वीं कॉलेजच्या सुटींत जिल्ह्यांतील एका जुन्या चर्चमध्यें आम्हीं बाप्तिस्म्याची वही पाहिली. तेथील पाळकांनीं कपाट उघडून दिलें आणि शेजारीं बसून जीर्ण पानें स्वतः उलटलीं. तारीख, नवें नांव, पूर्वींचें नांव, बापाचें नांव, "राहणार लोणंद" : सारें बाळबोध अक्षरांत स्वच्छ. कांहीं पानांनंतर पत्नीची नोंद, पुढें चार मुलांच्या, आणि दुसऱ्या वहींत थोरल्या मुलीचें लग्न. तो धागा धरून शोध घेतां असें आढळलें, कीं ह्या निर्वंश शाखेंत आज आमच्या शाखेहून अधिक माणसें नांदत आहेत!

संपादकांचें उत्तर आलें तें असें : धर्मांतरानें कुलसंबंध तुटतो, शिवाय मिशनच्या वह्या हें कांहीं प्रमाण नव्हे.

पहिला आक्षेप घेऊं. पूर्वीं पतितास जिवंतपणींच मेलेला मानून त्याच्या नांवें पाण्याचा घट पालथा करीत व त्यास घटस्फोट म्हणत. आज तो शब्द काडीमोडीपुरता उरला आहे. त्या विधीचें काम सोंवळें राखण्याचें, इतिहास लिहिण्याचें नव्हे. हक्काच्या बाबतींत तर १८५० च्या एकविसाव्या कायद्यानेंच ठरविलें, कीं धर्म सोडल्यानें वारसा बुडत नाहीं. म्हणजे ज्यास कंपनी सरकारनें मुलगा मानलें असतें, त्यास आमचे पदवीधर संपादक मुलगा मानावयास तयार नाहींत. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांस हेच लोक मराठी कवितेच्या पंक्तींत मानाचें पान मांडतात, लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' मुलांस वाचावयास देतात. घरच्या टिळकांस मात्र ओटीवरही जागा नाहीं.

आतां प्रमाणाची गोष्ट. इंग्लंडांत पॅरिशच्या वह्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा; रोमन चर्चकरितां ट्रेंटच्या परिषदेनें तोच नियम १५६३ त केला. मुंबई इलाख्यांतील पाद्र्यांनीं लंडनला धाडलेल्या नोंदींच्या नकला १७०९ पासूनच्या असून त्या आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत. १८७२ च्या कायद्यानें ख्रिस्ती विवाहांच्या नोंदी सरकारांत कळविणें भाग पडलें. इतकी दुहेरी नोंद आमच्या कोणत्या दप्तराची आहे? त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ह्याच संपादकांनीं डोळे मिटून उतरून घेतल्या आहेत. त्यांची किंमत आम्ही कमी लेखीत नाहीं. पण उपाध्याय यजमानाकरितां लिहितो आणि पाळक मंडळीकरितां लिहितो, ह्यांत एक प्रमाण व दुसरें अप्रमाण कसें, हें आम्हांस कोणीं समजावून द्यावें.

चर्चच्या वह्या निर्दोष आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे, आणि येथें अनेक शोधक फसतात. गोव्यांत धर्मपित्याचें आडनांव घेण्याची चाल असल्यामुळें मूळचें आडनांव हरपे व सख्ख्या भावांचींही आडनांवें निराळीं होऊन बसत. परंतु एक गुण त्यांत असा आहे, कीं आमच्या तीन घड्यांच्या वृक्षावर शोधूनही सांपडणार नाहीं : तेथें मुलाच्या नोंदींत आई आहे. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नांवांत आईचें नांव घालण्याचा नियम महाराष्ट्र सरकारनें केला, तेव्हां केवढा गाजावाजा झाला! आमच्या त्या आजीबाईंचें नांव मात्र शंभराहून अधिक वर्षें त्या कपाटांत कोणी वाचील म्हणून वाट पाहात होतें. ख्रिस्ती बांधवांसही एक शब्द सांगणें प्राप्त आहे : त्या वहीच्या कडा वाळवीनें खाल्ल्या आहेत. १९७० सालीं अनेक पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालें. ह्या वह्यांचीं छायाचित्रें घेण्याचें काम कोणत्या मंडळीचें, हा वाद मिटेपर्यंत वाळवी थांबणार नाहीं.

कुलवृत्तान्ताची दुसरी आवृत्ति निघावयाची आहे. त्या पानांच्या नकला, पत्नी व चारही मुलांच्या नांवांसह, आम्हीं पुन्हां संपादकांकडे पाठविल्या आहेत. ह्या खेपेसही तो शब्द कायम राहणार असेल, तर आमची वर्गणी त्यांनीं खुशाल ठेवून घ्यावी. फक्त आमच्या नांवापुढेंही तोच शब्द छापावा.