शर्विलकाची दोरी

मृच्छकटिक नाटकाच्या तिसऱ्या अंकांत शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोंक पाडावयास निघतो, आणि माप घेण्याची दोरी आपण विसरून आलों हें त्याच्या ध्यानांत येतें. ब्राह्मण असल्यामुळें गळ्यांत जानवें आहेच. तेंच हातांत घेऊन तो भिंत मापूं लागतो आणि आपल्यासारख्याला जानव्याचे किती उपयोग आहेत तें सांगतो. भिंतीवर माप घ्यावें, दागिन्यांचे फांसे सोडवावे, विषारी किडा चावल्यास बोट आवळून बांधावें, आणि यंत्रानें घट्ट बसलेलें दार उघडावें! वाचक येथें हंसतो व पुढें जातो. परंतु या शेवटल्या उपयोगापाशीं क्षणभर थांबावें, असें मला वाटतें. शूद्रकाच्या काळींहि दाराला यंत्र होतें, घरधनी त्याच्या भरंवशावर निजत होता, आणि तें यंत्र सोडविण्यास एक सूत पुरत होतें. आज ज्यांनीं मोटारखान्याला किंवा फाटकाला विजेवर आपोआप उघडणारें दार बसविलें आहे, त्यांच्या घरींहि हीच गोष्ट घडूं शकते. या महिन्यांत तिच्याविषयींच चार शब्द लिहावयाचे आहेत.

हा विषय आमच्या गांवाला परका राहिलेला नाहीं. पाटस हें पुणें-सोलापूर महामार्गावरचें गांव. तुकोबारायांची पालखी याच वाटेनें येऊन पुढें रोटीचा घाट चढते. येथील टोलनाक्यावर गाडीच्या कांचेला चिकटविलेला फास्टॅग यंत्र वाचतें आणि आडवा दांडा आपोआप वर जातो. अंक ओळखून उघडणारी वाट म्हणजे काय, हें येथल्या पोरालाहि समजावून सांगावें लागत नाहीं. रस्त्याकडेच्या दुकानांना मोटर लावलेलीं शटरें आलीं. नव्या बंगल्यांना बटन दाबतांच सरकणारीं फाटकें आलीं. ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत, त्यांनीं तर तेथें घरोघरीं हा प्रकार पाहिला असेल. तेथें पुष्कळ कुटुंबांत पुढल्या दारापेक्षां मोटारखान्याचें दारच अधिक वेळां उघडतें, आणि त्यांतून थेट घरांत जातां येतें.

जुन्या वाड्याचें दार अडसरानें बंद होई. अडसराचीं दोन्ही टोकें भिंतींत शिरत, आणि तो काढावयास माणूस आंतच असावा लागे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला दिंडी आहे. मोठें दार मिटलेलें ठेवून एकेकानें वांकून आंत यावें, एवढीच ती वाट. या व्यवस्थेंत गैरसोय पुष्कळ होती, पण ती चोराचीहि होती. यंत्रानें आपली गैरसोय दूर केली; चोराची मात्र जशीच्या तशी राहिली असेल, असें मानणें भाबडेपणाचें आहे. आपल्या सोयीसाठीं यंत्रांत जें जें ठेवलेलें असतें, तेथेंच चोर आधीं हात घालतो. अशा सोयी मुख्यतः दोन : दुरून उघडण्याची आणि वीज गेल्यावर हातानें उघडण्याची.

पहिली सोय पाहूं. अमेरिकेंत सी. जी. जॉन्सन या गृहस्थांनीं १९२१ सालीं वर उचलून उघडणारें दार काढलें आणि १९२६ सालीं त्याला विजेची मोटर जोडली. पुढें रेडिओच्या लहरींनीं दुरून उघडण्याची युक्ति आली, तेव्हां एकानें बटन दाबावें आणि शेजाऱ्याचें दार उघडावें, असे प्रकार होऊं लागले. त्यावर तोड म्हणून प्रत्येक रिमोटला एक खूण दिली. डबीच्या पोटांत आठ, दहा किंवा बारा बारीक खटके. प्रत्येक खटका वर तरी किंवा खालीं तरी. घरांतल्या यंत्राचे खटके तसेच लावले कीं दोघांची ओळख पटली.

ज्यांनीं शाळेंत वृत्तें पाठ केलीं आहेत, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. वर म्हणजे गुरु, खालीं म्हणजे लघु. तीन अक्षरांचे गण आठ होतात. बारा अक्षरांच्या चरणाचीं, म्हणजे जगती छंदाचीं, समवृत्तें ४०९६ होतात. समर्थांनीं मनाचे श्लोक ज्यांत रचिले तें भुजंगप्रयात त्यांतलेंच एक. बारा खटक्यांच्या रिमोटची खूण म्हणजे या ४०९६ वृत्तांपैकीं कोणतें तरी एक. चोराला सर्वच म्हणून पाहावयाचीं असतील तर ४०९६ वेळां बारा, म्हणजे ४९,१५२ अक्षरें उच्चारावीं लागतील. एवढा खटाटोप दारापुढें उभें राहून कोण करणार, अशी समजूत होती.

पण छंदःशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें घोकलेलें ‘यमाताराजभानसलगं’ हें सूत्र आठवा. आठ गण, प्रत्येकीं तीन अक्षरें, म्हणजे चोवीस अक्षरें व्हावयास हवींत. सूत्रांत दहाच आहेत. यमाता हा यगण म्हणून झाला कीं पहिलें अक्षर सोडून मातारा हा मगण, मग ताराज, मग राजभा. अशा रीतीनें प्रत्येक गण मागल्यांत गुंतवून आठहि गण दहा अक्षरांत बसविले आहेत. निकोलास डी ब्रॉइन या डच गणित्यानें १९४६ सालीं हीच गुंफण गणितानें मांडली. तीन अक्षरांपुरती नव्हे, हव्या तेवढ्या अक्षरांच्या खुणांसाठीं. तिच्या आधारें बारा खटक्यांच्या सर्व खुणा ४९,१५२ ऐवजीं ४,१०७ अक्षरांत मावतात. आणि जुनीं यंत्रें इतकीं भोळीं कीं, खूण कोठून सुरू झाली हें पुष्कळांना कळतच नाहीं. ऐकलेलीं शेवटचीं बारा अक्षरें जुळलीं कीं दार उघडलें! २०१५ सालच्या जूनमध्यें सॅमी कामकर या अमेरिकन संशोधकानें मुलांच्या एका जुन्या खेळण्यांत फेरफार करून हें जगाला दाखविलें. प्रत्येक खूण थांबून थांबून व पुन्हां पुन्हां म्हटल्यास सुमारें एकोणतीस मिनिटें लागतात. थांबणें आणि पुनरुक्ति काढून टाकून, वर ही गुंफण वापरून त्यानें तेंच काम आठ-नऊ सेकंदांवर आणलें. जें सूत्र आम्ही मुलांची स्मृति हलकी करण्यासाठीं शिकविलें, त्याचेंच तत्त्व येथें चोराचे श्रम हलके करतें.

चोराला एवढ्या विद्येचीहि गरज नाहीं. स्थिर खूण म्हणजे रस्त्यावर रोज मोठ्यानें उच्चारलेला परवलीचा शब्द. आसपास कोणीं तो एकदां टिपून घेतला कीं काम झालें. अशा नकला करणारे रिमोट बाजारांत स्वस्त मिळतात. यावरचा खरा उपाय म्हणजे बदलती खूण, जिला बसविणारे लोक रोलिंग कोड म्हणतात. तींत प्रत्येक दाबण्यास नवा अंक जातो, आणि एकदां वापरलेला अंक यंत्र पुन्हां स्वीकारीत नाहीं. हीहि अभेद्य नव्हे. त्याच संशोधकानें २०१५ च्या ऑगस्टमध्यें दाखविलें कीं, तुमचा अंक यंत्रापर्यंत पोंचूं न देतां मध्येंच पकडून ठेवतां येतो व पुढें वापरतां येतो. परंतु त्यासाठीं चोरानें आपलें साधन तुमच्या दाराशीं किंवा गाडीपाशीं आधीं लपवून ठेवावें लागतें आणि तुम्ही बटन दाबाल त्या क्षणाची वाट पाहावी लागते. कुलुपाचें काम चोराला अशक्य करणें हें नसून महाग करणें हें आहे, आणि बदलती खूण तें करते.

आतां दुसरी सोय. येथें शटरें बसविण्याचा धंदा करणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याला मीं विचारलें, “अरे, गिऱ्हाईक तुला काय काय विचारतें?” तो म्हणाला, “गुरुजी, आवाज किती होतो, रंग कोणता मिळेल, आणि लाइट गेल्यावर उघडेल का, एवढेंच. चोर कसा उघडील, हें अजून कोणीं विचारलेलें नाहीं.” त्याच्या गिऱ्हाइकांच्या तिसऱ्या प्रश्नांतच शर्विलकाची दोरी आहे. वीज गेली तरी दार उघडलें पाहिजे. म्हणून मोटर व दार यांचा सांधा हातानें सोडविण्याची कळ प्रत्येक यंत्राला ठेवावीच लागते. अमेरिकेंतल्या दारांना आंतून एक दोरी लोंबत असते. ती ओढली कीं दार मोटरपासून सुटतें व हातानें उचलतां येतें. दाराच्या वरच्या फटींतून बांकविलेली तार आंत घालून ती कळ ओढतां येते, आणि सरावलेल्या हाताला त्याला कांहीं सेकंद पुरतात. आपल्याकडच्या सरकत्या फाटकांत मोटरच्या पेटीला किल्ली असते. ती पुष्कळदां पेटीलाच लावलेली किंवा शेजारच्या खिळ्याला टांगलेली आढळते. मग बदलती खूण असून काय उपयोग?

तर मग ही दोरी कापूनच टाकावी, असा सल्ला कोणी देतात. तो मात्र कदापि मानूं नये. २०१७ च्या ऑक्टोबरमध्यें उत्तर कॅलिफोर्नियांत मोठे वणवे लागले, वीज गेली, आणि मोटारखान्याचें जड दार उचलतां न आल्यामुळें कांहीं माणसें घरांतच अडकून प्राणास मुकलीं. त्यावर त्या राज्यानें २०१८ सालीं कायदा केला, आणि १ जुलै २०१९ पासून तेथें विकल्या जाणाऱ्या अशा यंत्रांना वीज गेल्यावर चालणारी बॅटरी सक्तीची झाली. दार चोराला अडविण्यासाठीं आहे, तितकेंच आंतल्या माणसाला बाहेर जाऊं देण्यासाठींहि आहे. ज्या घरीं मुलें परगांवीं असून वडील मंडळी एकटीं राहतात, तेथें या दुसऱ्या कामाला अधिक जपलें पाहिजे. सोनें गेलें तर पुन्हां मिळवितां येईल.

म्हणून दोरी ठेवावी, पण बाहेरच्याचा हात तिच्यापर्यंत पोंचूं देऊं नये. दारावरची फट रबरी पट्टीनें बुजवावी. कळीपुढें एक पत्रा असा बसवावा कीं वरून आलेली तार तिला लागणार नाहीं, मात्र आंतल्याला खालून दोरी सहज ओढतां येईल. फाटकाच्या मोटरची किल्ली घरांत ठरलेल्या खुंटीवर ठेवावी आणि ती कोठें आहे हें थोरांपासून पोरांपर्यंत सर्वांना दाखवावें. एखाद्या संध्याकाळीं मोटरची वीज बंद करून घरांतल्या प्रत्येकाकडून दार हातानें उघडवून पाहावें. आजींना तें उघडत नसेल, तर दाराचा तोल सांभाळणाऱ्या स्प्रिंगा कारागिराकडून ठीक करून घ्याव्या. त्या स्प्रिंगांना घरांतल्या कोणीं हात लावूं नये. त्यांत ताण मोठा असतो व इजा होते.

रिमोटविषयीं इतकें सांभाळावें. जुना रिमोट नकला करणाऱ्या रिमोटशेजारीं नुसता धरून त्याची नक्कल उतरली आणि तिनें दार उघडलें, तर खूण स्थिर आहे असें समजून घरांतलें यंत्र व रिमोट दोन्ही बदलून घ्यावीं. रिमोट हरवला तर नुसता नवा आणून भागत नाहीं. यंत्राच्या स्मृतींतून सर्व जुन्यांची ओळख पुसून घरांत उरलेले रिमोट पुन्हां जोडावे लागतात. गाडी विकतांना, भाडेकरू गेल्यावर किंवा ड्रायव्हर बदलल्यावरहि हेंच करावें. रिमोट गाडींत ठेवून जाऊं नये. गाडीच्या कागदांवर घराचा पत्ता असतो, म्हणजे कांच फोडणाऱ्याला किल्ली आणि पत्ता एकाच ठिकाणीं सांपडतात. जे मोबाइलवरून दार उघडतात त्यांनीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. २०२३ च्या एप्रिलमध्यें अमेरिकेंत असें उघडकीस आलें कीं, एका कारखान्याच्या अशा हजारों यंत्रांना आंतून एकच गुप्त शब्द दिलेला होता. एकाचा समजला कीं सर्वांचा समजला. कारखान्याकडून सुधारणा येत नसेल, तर तें यंत्र इंटरनेटपासून तोडावें.

दुकानदारांनीं मोटरच्या जोरावर शटर बंद राहतें असें समजूं नये. शटराच्या मध्यभागीं कटावणी घालून पत्रा उचकटण्याची चाल या महामार्गावर आणि इतरत्रहि जुनी आहे. तिला मोटर अडवीत नाहीं. दोन्ही बाजूंस व मध्यें जमिनींत रुतणारीं कुलपें हवींतच. चार दिवस गांवाला जावयाचें असेल, तर मोटरचा विजेचा स्विच आधीं बंद करावा आणि मग आंतून अडसर घालावा. हा क्रम उलटा करूं नये; अडसर असतां कोणीं बटन दाबलें तर मोटर जळते किंवा पत्रा वांकतो. मोटारखान्यांतून घरांत उघडणारें दार असेल तर त्याला पुढल्या दाराइतकेंच भक्कम कुलूप असावें. बाहेरचें दार फसलें, तरी चोर मोटारीपाशींच थांबेल आणि निजलेल्या माणसांपर्यंत येणार नाहीं.

यांतल्या बहुतेक गोष्टींना फार पैसा लागत नाहीं. किल्ली पेटीवरून काढून खुंटीला लावण्यास तर कांहींच लागत नाहीं. तेवढें तरी आज रात्रीं निजण्यापूर्वीं करावें.