जुनी जीप, नवे ब्रेक

कोकणात आणि घाटमाथ्यावर अजूनही एखाद्या घराच्या अंगणात जुनी जीप उभी दिसते. दादांनी किंवा अब्बांनी घेतलेली, आंब्याच्या पेट्या वाहिलेली, निकाहाच्या वऱ्हाडाला गेलेली. ती विकवत नाही. म्हणून घरची तरुण मुले तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि पेडलला बूस्टर बसवून घेतात. हेतू चांगलाच असतो. पण काम झाल्यावर पुष्कळदा ऐकू येते, "एवढा खर्च केला आणि ब्रेक आधीपेक्षा वाईट!"

डिस्कची गरज का वाटते, ते आधी पाहू. जुन्या विलिस जीपला चारही चाकांना नऊ इंची ड्रम असत. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ड्रम तापतो, फुगतो आणि शूपासून दूर जातो. लायनरची पकडही कमी होते. ओढ्यातून गाडी गेली की ड्रममध्ये पाणी साचते. डिस्क उघडी असते, लवकर थंड होते, पाणी झटकून टाकते. मात्र ड्रममधला शू चाकाच्या फिरण्यामुळे आपोआप आणखी घट्ट दाबला जातो. डिस्कमध्ये तसे होत नाही. तिला दाब जास्त लागतो आणि तो पायाने देणे जड जाते. म्हणून बूस्टर.

आता बिघाडाकडे. माझ्या मामूंची जीप मुळात पेट्रोलची, पुढे तिला डिझेल इंजिन बसवलेले. डिस्क आणि बूस्टर लावून आणल्यावर पेडल दगडासारखे घट्ट. गॅरेजवाल्याने बूस्टर बदलला. फरक नाही. मग मास्टर सिलिंडर बदलला. फरक नाही. आठवडाभराने सगळे कुटुंब आंबा घाटाने कोल्हापूरला लग्नाला जायचे होते. मामी म्हणाल्या, "मी या गाडीत मुलांना बसवणार नाही." त्यांचे बरोबर होते.

उत्तर सापडले ते एका एकोणीस वर्षांच्या मुलाला. तो माझा जुना विद्यार्थी, दहावीनंतर गॅरेजमध्ये काम शिकणारा. त्याने हातात पाना घेण्याआधी विचारले, "मामू, बूस्टरला व्हॅक्यूम कुठून येतो?" पाइप इंजिनच्या इनटेकला जोडलेला होता. पेट्रोल इंजिनात तिथे थ्रॉटलमुळे साधारण १८ ते २० इंच व्हॅक्यूम मिळतो. बहुतेक डिझेल इंजिनांत थ्रॉटलच नसतो, त्यामुळे व्हॅक्यूमही नसतो. त्याला वेगळा पंप लागतो. अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच असतो. तसा अल्टरनेटर बसवला आणि पेडल हलके झाले. काढून टाकलेला पहिला बूस्टर चांगलाच होता.

या एका प्रसंगात सगळे आले. अशा कामात दोष बहुधा नव्या भागात नसतो. जुने आणि नवे जिथे जोडले, तिथे असतो. म्हणून भाग बदलण्याआधी क्रमाने तपासावे. या तपासण्या समजायला मेकॅनिक असण्याची गरज नाही.

पेडल घट्ट असेल तर: इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. ते कडक झाले की पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल आपोआप थोडे खाली गेले, तर बूस्टर काम करतो आहे. न गेल्यास आधी व्हॅक्यूम, पाइप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाहा, मग बूस्टर.

पेडल फार खाली जात असेल तर: स्पंजासारखे लागत असेल तर पाइपात हवा आहे. इथे एक गंमतीची चूक होते. डावे-उजवे कॅलिपर अदलाबदल होऊन बसतात आणि हवा काढायचे निपल खालच्या बाजूला येते. हवा वर राहते, कितीही ऑइल काढले तरी निघत नाही. निपल नेहमी वरच हवे. पहिल्या दाबाला पेडल खोल आणि दुसऱ्याला वर येत असेल, तर मागचे शू ॲडजस्ट केलेले नसतात. जुन्या जीपमध्ये आणखी एक कारण असते. तिचा मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली, म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली असतो. ऑइल उतारावरून परत येते. त्यासाठी डिस्कच्या पाइपात सुमारे दोन पीएसआय दाब राखणारा छोटा व्हॉल्व्ह घालतात. आणि पाय दाबून ठेवला असता पेडल हळूहळू बुडत गेले, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे वॉशर गेले आहेत. अशी गाडी रस्त्यावर आणूच नये.

ब्रेक धरून बसत असेल तर: दुसऱ्या चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकवर उचला. हाताने फिरत नसेल तर निपल किंचित सैल करा. चाक सुटले, तर पाइपात दाब अडकला आहे. बूस्टर आणि मास्टर सिलिंडरमधला रॉड लांब असेल किंवा ड्रमसाठीचा जुना व्हॉल्व्ह आत राहिला असेल. तो सुमारे दहा पीएसआय दाब धरून ठेवतो आणि डिस्कला तेवढा चालत नाही. चाक तरीही सुटले नाही, तर कॅलिपर जाम आहे.

जोरात ब्रेक लावल्यावर मागची चाके आधी घसरत असतील, तर मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागेल. जीपची लांबी कमी, मागचा भाग हलका. ओल्या रस्त्यावर ती गरकन फिरते.

ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, जे डब्यावर सांगितले असेल तेच. इंजिन ऑइल किंवा रॉकेलचा थेंबही नको. त्याने रबर फुगते.

कायद्याचेही एक सांगते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील आणि निर्मात्याने ठरवलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा. अपघात झाला, तर विम्याच्या वेळी हाच प्रश्न उभा राहतो.

बहिणींनो, हे सगळे पुरुषांचे काम म्हणून सोडून देऊ नका. गाडीत मुले आपली बसतात. गॅरेजमधून बिल आले की एवढेच विचारा: "हा भाग खराब आहे, हे कशावरून ठरवले?" चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही, उलट खूश होऊन दाखवतो. आणि काम पूर्ण झाल्यावर पहिली चाचणी सपाट, मोकळ्या मैदानावर, हळू वेगात घ्या. गाडीत चालवणारा एकटाच असावा. घाट त्यानंतर.